ॲनालिसिस मॉडेलमधून डिझाइन मॉडेल कसे काढावे: गावच्या दूध डेअरीचे उदाहरण

सॉफ्टवेअर बनवताना ॲनालिसिसचा, म्हणजे काय हवे ते समजून घेण्याचा, टप्पा संपतो तेव्हा हातात साधारण तीन गोष्टी असतात: युझ केसेस (वापरणारा सिस्टीमकडून कोणती कामे करून घेतो त्यांची वर्णने), विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती चौकटी-रेषांनी दाखवणारा क्लास डायग्राम आणि एखाद्या वस्तूच्या अवस्था दाखवणारा एखाददुसरा स्टेट डायग्राम. पुढे बऱ्याच टीम तोच क्लास डायग्राम उघडतात, प्रत्येक चौकटीत आयडी टाकतात, टाइप लिहितात, गेटर-सेटर (माहिती नुसती वाचणाऱ्या-बदलणाऱ्या मेथड) जनरेट करतात आणि त्यालाच डिझाइन म्हणून मोकळ्या होतात. नियम कुठे बसवायचे हे मग कोड लिहिताना ज्याच्या त्याच्या मर्जीने ठरते आणि काही महिन्यांनी दराचा हिशेब तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडतो.

डिझाइनचे खरे काम म्हणजे ॲनालिसिसमधल्या प्रत्येक चौकटीचे आणि प्रत्येक रेषेचे पुढे काय होणार याचा निर्णय घेणे. एखाद्या चौकटीचा क्लास होतो, एखादीचे चार होतात, एखादी नुसती ॲट्रिब्यूट म्हणून उरते, एखादी पार नाहीशी होते. प्रत्येक निर्णयाला कारण लागते, आणि ते कारण बहुतेक वेळा डायग्राममध्ये नसते. ते प्रत्यक्ष कामकाजात असते.

उदाहरण म्हणून गावातली दूध संस्था घेऊ. शेतकरी सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो. दूध मोजले जाते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढले जाते, दरपत्रकावरून दर ठरतो, स्लिप मिळते. दहा दिवसांनी बिल निघते. त्यातून पशुखाद्याची उधारी, उचलीचा हप्ता वगैरे कापून उरलेली रक्कम खात्यावर जमा होते. ॲनालिसिसमध्ये आलेल्या चौकटी अशा: उत्पादक (त्याखाली सभासद आणि बिगरसभासद), दूध (त्याखाली गाय आणि म्हैस), दूधनोंद, दरपत्रक, बिल, कपात, फॅट मशीन.

पहिली पायरी: चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी गोळा करा

डिझाइनची एकही रेघ ओढण्याआधी एका कागदावर आकडे आणि अडचणी लिहून काढा. धरा, ३०० उत्पादक आहेत आणि सकाळचे संकलन दोन तास चालते. म्हणजे माणशी २४ सेकंद मिळतात. एवढ्यात कोड नंबर टाकणे, वजन घेणे, मशीनचे आकडे येणे आणि स्लिप छापणे हे सगळे उरकले पाहिजे. दोन्ही पाळ्या धरून दहा दिवसांत ६,००० नोंदी होतात. कुठल्याही साध्या डेटाबेसला हा आकडा किरकोळ आहे, त्यामुळे कॅशिंग, मेसेज क्यू, मायक्रोसर्व्हिस अशा मोठ्या भारासाठीच्या उपायांची चर्चा इथेच संपते.

डिझाइनला वळण देणाऱ्या गोष्टी निराळ्याच असतात. नेट जाते, लाइट जाते. मशीन बंद पडते आणि त्या दिवशी आकडे हाताने टाकावे लागतात. संस्था ज्याला दूध घालते तो दूध संघ दर बदलतो, कधी मागच्या तारखेपासून. शेतकरी दहा दिवसांच्या वीस स्लिपा पिशवीत जपून ठेवतो आणि बिलाशी ताडून बघतो. यातली प्रत्येक ओळ खाली कुठे ना कुठे एखादा क्लास जन्माला घालते किंवा मारते.

दुसरी पायरी: युझ केसची फोड

‘दूध घेणे’ ही युझ केस घ्या आणि तिच्यातल्या वस्तू तीन गटांत टाका: बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या बाउंडरी, क्रम सांभाळणाऱ्या कंट्रोल आणि माहिती व नियम धरून ठेवणाऱ्या एन्टिटी. ही विभागणी सॉफ्टवेअर अभियंते इव्हार जेकबसन यांची. नियम सोपे आहेत. माणूस किंवा यंत्र फक्त बाउंडरीशी बोलते, बाउंडरी फक्त कंट्रोलशी, आणि एन्टिटीने बाउंडरीला हाक मारायची नाही.

आपल्याकडे बाउंडरी चार निघतात: संकलनाचा स्क्रीन, वजनकाटा, फॅट मशीन, स्लिप प्रिंटर. ॲनालिसिसमध्ये ‘फॅट मशीन’ ही एक चौकट होती. डिझाइनमध्ये तिचा इंटरफेस होतो, म्हणजे काय काम करायचे एवढेच सांगणारा करार, नाव ‘दूधतपासणी’, आणि त्यात एकच मेथड (वस्तूला सांगता येणारे काम): मोजणी घ्या. त्यामागे मशीनच्या प्रत्येक मॉडेलसाठी एक ॲडाप्टर, म्हणजे मशीनची भाषा आपल्या इंटरफेसमध्ये बदलणारा क्लास, असतो, कारण सिरीयल पोर्टवरून येणाऱ्या ओळीची मांडणी दर कंपनीची वेगळी. हाताने आकडे टाकणे हाही त्याच इंटरफेसचा आणखी एक अवतार. टेस्टसाठी नकली मशीन हा तिसरा. मात्र आकडा यंत्रातून आला की हाताने टाकला, हे मोजणीबरोबरच आले पाहिजे. संस्थेत वाद झाला की पहिला प्रश्न तोच असतो.

कंट्रोलच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे ‘संकलन मॅनेजर’ नावाचा एकच क्लास. त्यात दूध घेणे येते, मग नोंद दुरुस्ती, मग बिल, मग अहवाल, आणि बघता बघता तो दोन हजार ओळींचा होतो. युझ केसमागे एक कंट्रोल ठेवा: ‘दूधघेणे’, ‘नोंददुरुस्ती’, ‘बिलकाढणे’. यांच्यात क्रम असावा, हिशेब नसावा. कंट्रोलमध्ये गुणाकार दिसला की समजायचे, नियम चुकीच्या घरी राहायला आला आहे.

तिसरी पायरी: सिक्वेन्स डायग्राम, एकेका मेसेजचा

सिक्वेन्स डायग्राम म्हणजे कोणती वस्तू कोणाला कोणत्या क्रमाने मेसेज पाठवते याचे चित्र. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्लास डायग्राम बघून मेथड सुचत नाहीत, सुचल्या तर चुकीच्या सुचतात. सिक्वेन्स डायग्राममध्ये मात्र प्रत्येक बाणाला विचारावे लागते: हे काम कोणाचे?

दर काढण्याचे काम घ्या. तीन उमेदवार आहेत: स्क्रीन, दूधनोंद आणि दरपत्रक. ज्याच्याकडे लागणारी माहिती आहे त्याच्यावर जबाबदारी टाकायची, हा जुना आणि पुरेसा निकष. दराचा तक्ता दरपत्रकाकडे आहे. ३.० ते ५.० फॅट आणि ८.० ते ९.० एसएनएफ, दोन्हीकडे ०.१ ची पायरी धरली तर २१ गुणिले ११ म्हणजे २३१ घरे. म्हणून मेथड दरपत्रकावर जाते: फॅट आणि एसएनएफ द्या, दर घ्या.

पण मशीन ३.५६ दाखवते आणि तक्त्यात ३.५ नंतर ३.६ आहे. खाली धरायचे की जवळचे? ॲनालिसिसमध्ये हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. उत्तर प्रोग्रामरने ठरवायचे नाही. संस्थेच्या सचिवांना विचारायचे आणि जे उत्तर येईल ते दरपत्रकातच बसवायचे. स्क्रीनवर ३.६ दाखवायचे म्हणून कोणी तिथे पूर्णांकन (राउंडिंग) केले आणि तोच आकडा पुढे पाठवला, तर दर चुकतो आणि चूक कुठे झाली ते लवकर सापडत नाही. तक्त्याबाहेरचा आकडा आला, समजा २.८ फॅट, तर काय? ‘दर नाही’ हे उत्तर ‘दर शून्य’पेक्षा वेगळे आहे. शून्य परत केला तर शेतकऱ्याचे दूध फुकट गेले.

आता कोणते दरपत्रक? तारीख आणि गाय की म्हैस यावरून लागू असलेले शोधावे लागते. हे काम एका दरपत्रकाचे नाही, कारण त्याला बाकीची माहीत नसतात. इथे ॲनालिसिसमध्ये नसलेला नवा क्लास येतो: ‘दरपत्रकसंग्रह’. डिझाइनमध्ये असे संग्रह, फॅक्टरी (दुसरे ऑब्जेक्ट तयार करणारे क्लास), ॲडाप्टर वाढतातच, ते प्रश्नाच्या जगातले नसतात, उत्तराच्या जगातले असतात. त्यांना ॲनालिसिसच्या चित्रात घुसवू नका.

दर मिळाला की तो दूधनोंदीत लिहून ठेवायचा. ॲनालिसिसमध्ये ‘दर’ ही काढता येणारी गोष्ट होती, म्हणजे दरपत्रकावरून केव्हाही मोजा. डिझाइनमध्ये तसे ठेवले तर दर बदलल्या क्षणी जुन्या स्लिपांचे पैसे बदलतील. मागच्या तारखेपासून दर वाढला तरी जुनी नोंद हलवायची नाही. स्लिप शेतकऱ्याच्या हातात गेलेली आहे. त्याऐवजी ‘दरफरक’ अशी स्वतंत्र नोंद करायची आणि ती बिलात वेगळ्या ओळीत दाखवायची. शेतकऱ्यांना हा शब्द ओळखीचा आहे, दिवाळीला दर फरक मिळतोच. व्यवहारात ज्याला स्वतःचे नाव आहे त्याला बहुधा स्वतःचा क्लास लागतो.

चौथी पायरी: टाइप ठरवा, पैशांपासून सुरुवात करा

ॲनालिसिसमध्ये ‘रक्कम’ लिहून भागते. डिझाइनमध्ये रक्कम फ्लोट किंवा डबलमध्ये ठेवायची नाही, कारण ०.१ सारखा साधा दशांश बायनरीत नेमका बसत नाही. जावामध्ये बिगडेसिमल हा दशांश नेमका ठेवणारा टाइप वापरा आणि त्याला आकडा स्ट्रिंगमधून द्या; डबलमधून दिलात तर तीच अशुद्धता शेपटासकट आत येते. आणखी एक खोच: बिगडेसिमलची इक्वल्स मेथड २.० आणि २.०० यांना वेगळे मानते. तुलना कम्पेअर-टू ने करा.

पूर्णांकन कुठे करायचे हा डिझाइनचा निर्णय आहे. ६.३५ लिटर दूध, दर ३३.७० रुपये. गुणाकार २१३.९९५. स्लिपवर २१४.०० छापले आणि बिलात मात्र मूळ २१३.९९५ ची बेरीज केली, तर वीस स्लिपांची बेरीज आणि बिल यांत काही पैशांचा फरक पडतो. रक्कम क्षुल्लक, पण शेतकरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला असतो आणि ‘सॉफ्टवेअर चोरी करते’ ही बातमी गावभर होते. म्हणून पूर्णांकन स्लिपवरच करा, आणि बिल म्हणजे पूर्णांकित रकमांचीच बेरीज. हा नियम दूधनोंदीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये) ठेवा, म्हणजे पूर्णांकन न झालेली नोंद जन्मालाच येणार नाही.

फॅट, एसएनएफ, लिटर, रक्कम यांना छोटे, न बदलणारे व्हॅल्यू ऑब्जेक्ट करा. फॅट आणि एसएनएफ दोन्ही नुसते आकडे ठेवले तर मेथडला उलट क्रमाने दिले गेले तरी कंपायलर गप्प बसतो. वेगळे टाइप असले की तो लगेच ओरडतो. काही ठिकाणी एसएनएफ थेट मिळत नाही. लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाची) डिग्री आणि फॅट यांवरून सूत्राने काढतात. त्या सूत्रातले स्थिरांक सगळीकडे एक नसतात, म्हणून ते कोडमध्ये ठोकून बसवू नका, संस्थेच्या सेटिंगमध्ये ठेवा. वजन किलोत की लिटरमध्ये, हेही टाइपने सांगितले पाहिजे, कारण एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते.

पाचवी पायरी: रेषांचा निकाल लावा

ॲनालिसिसमध्ये असोसिएशनला, म्हणजे दोन चौकटी जोडणाऱ्या रेषेला, दिशा नसते. उत्पादक आणि दूधनोंद यांच्यात एक-अनेक अशी रेष असते, बस. डिझाइनमध्ये विचारायचे: कोणाकडून कोणाकडे जावे लागते?

उत्पादकाच्या आत नोंदींची लिस्ट ठेवण्याचा मोह होतो. दिवसाला दोन म्हणजे वर्षाला ७३० नोंदी. उत्पादकाचा मोबाइल नंबर बदलायला त्याला उघडले की त्या सगळ्या मागे येण्याची शक्यता. ओआरएममध्ये (ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची सांगड घालणाऱ्या लायब्ररीत) लेझी लोडिंग, म्हणजे लागेल तेव्हाच माहिती आणण्याची सोय, आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बिल काढताना ३०० उत्पादक आणले आणि प्रत्येकाची लिस्ट चाळली, की एका क्वेरीच्या ३०१ होतात. इथे दिशा एकच ठेवा: नोंदीला उत्पादकाचा कोड माहीत असतो, उत्पादकाला नोंदी माहीत नसतात. ‘या दहा दिवसांच्या नोंदी द्या’ हे काम नोंदसंग्रहाचे.

बिल आणि बिलाच्या ओळी यांचे नाते मात्र वेगळे आहे. ओळीला बिलाबाहेर अस्तित्व नाही, बिल गेले की ओळी गेल्या. ही कॉम्पोझिशन, लिस्ट बिलाच्या आत राहील आणि बाहेरच्या कोणालाही ती थेट बदलता येणार नाही. बिलावर ‘ओळ जोडा’ मेथड हवी. गेटरने मूळ लिस्ट देऊन टाकली तर एकूण रकमेचा भरवसा संपला.

एक-अनेक, शून्य-एक हे आकडेही पुन्हा तपासा. ॲनालिसिस म्हणते, पाळीला एका उत्पादकाची एक नोंद. खरे का? गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्याच्या दोन होतात. एखादा आधी एक कॅन घालतो, घरी जाऊन दुसरा आणतो. डेटाबेसमध्ये उत्पादक-तारीख-पाळी असा युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) आधीच टाकला असेल तर संकलन चालू असताना, रांग लागलेली असताना ही गोष्ट कळते.

आणि नेटचा मुद्दा इथेच सोडवा. नोंद संस्थेच्या कॉम्प्युटरवर तयार होते, नंतर सर्व्हरवर जाते. नंबर सर्व्हरने द्यायचा ठरवला तर ऑफलाइन काम थांबते. म्हणून ओळख तिथल्या तिथे, यूयूआयडीने, म्हणजे कुणाला न विचारता तयार होणाऱ्या आणि दुसऱ्याशी न जुळणाऱ्या नंबराने. पाठवताना मध्येच लाइन तुटली आणि तीच नोंद पुन्हा पाठवली गेली, तरी सर्व्हर ओळखतो की ही आपल्याकडे आहे.

सहावी पायरी: इन्हेरिटन्स पारखून घ्या

ॲनालिसिसमध्ये ‘चा प्रकार आहे’ असे इन्हेरिटन्सचे त्रिकोणी बाण सहज काढले जातात आणि तिथे ते ठीकही असतात. त्यातले थोडेच डिझाइनमध्ये टिकतात.

गायीचे दूध, म्हशीचे दूध: फरक एवढाच की दरपत्रक वेगळे. वागणूक एकच. मग सबक्लास (उपप्रकाराचा वेगळा क्लास) कशाला, एक इनम (ठरावीक मूल्यांची यादी) पुरतो. सभासद आणि बिगरसभासद: इथे सबक्लास चक्क घातक. बिगरसभासदाने शेअर घेतला की तो सभासद होतो, आणि जावा किंवा सी शार्पमध्ये जिवंत ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. जुना पुसून नवा केला तर त्याच्या जुन्या नोंदी कोणाच्या? उत्पादक एकच ठेवा, सभासदत्व ही त्याला जोडलेली, तारखेसह असलेली वेगळी वस्तू.

कपातींचे मात्र खरोखर वेगळे वागणे आहे. पशुखाद्याची उधारी आहे तेवढी सगळी कापायची. उचलीचा ठरलेला हप्ता. शेअरची कपात लिटरमागे. इथे ‘कपात’ हा इंटरफेस आणि त्याचे तीन अवतार योग्य. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांची कसोटी लावून बघा: बिलाला कोणतीही कपात दिली तरी त्याने ‘ही कुठली?’ असे न विचारता काम केले पाहिजे. बिलाच्या कोडमध्ये प्रकार विचारणारा इफ आला की इंटरफेस फसला.

एक प्रश्न तरी उरतो. बिल १,८४० रुपयांचे, खाद्य १,५०० आणि हप्ता ५००. गाय आटत आली की हे हमखास होते. १६० रुपये कोणाचे थकायचे? एका कपातीला दुसरीचे माहीत नसते, आणि बिलाने ठरवायचे म्हटले तर त्याला पुन्हा प्रकार विचारावे लागतील. म्हणून क्रम ठरवणारा वेगळा क्लास, ‘कपातक्रम’. आधी खाद्य, मग हप्ता, उरले ते पुढच्या बिलात. संस्था क्रम बदलते तेव्हा एवढाच क्लास बदलतो.

सातवी पायरी: स्टेट डायग्रामचा कोड

बिलाच्या अवस्था तीन: कच्चे, मंजूर, जमा. यासाठी स्टेट पॅटर्नचे (प्रत्येक अवस्थेला एक असे) तीन क्लास करणे म्हणजे उगाच पसारा. इनम आणि पहारा ठेवणाऱ्या मेथड पुरे. पण अवस्थेचा सेटर उघडा ठेवू नका. ‘मंजूर करा’ ही मेथड आधी बिल कच्चे आहे का बघेल, नसेल तर एक्सेप्शन फेकेल, म्हणजे चूक सांगून काम थांबवेल. डायग्राममधला प्रत्येक बाण म्हणजे एक मेथड. जो बाण नाही त्याची मेथड नाही. मंजुरीबरोबर त्या काळातल्या दूधनोंदी बंद होतात, हा परिणाम बिलाच्या हद्दीबाहेरचा आहे, म्हणून तो ‘बिलमंजुरी’ या कंट्रोलमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकत्र होतील नाहीतर एकही होणार नाही.

आठवी पायरी: ताळा

एक तक्ता करा. डावीकडे ॲनालिसिसमधली प्रत्येक चौकट आणि रेष, उजवीकडे डिझाइनमध्ये तिचे काय झाले, आणि तिसऱ्या रकान्यात एका वाक्यात कारण. ‘म्हैस दूध – इनमचे मूल्य – वागणूक एकच’. हा तक्ता दोन पानांत मावतो. नवीन माणूस टीममध्ये आला की शंभर डायग्रामपेक्षा याचा उपयोग होतो, कारण डायग्राममध्ये काय आहे ते दिसते, काय टाकून दिले ते दिसत नाही.

मग कागदावरच काही प्रसंग चालवून बघा. युझ केसच्या प्रत्येक वाक्याला एक मेसेज हवा, प्रत्येक मेथडला कोणीतरी बोलावणारा हवा. ज्या मेथडला कोणी बोलावत नाही ती काढा. ज्या क्लासमध्ये फक्त गेटर-सेटर उरले त्याचे नियम कोणाच्या घरी गेलेत ते शोधा. गेटर-सेटर चित्रात काढूही नका, कागद भरतो आणि मुद्दा दिसत नाही.

प्रसंग अवघड निवडा. मशीन बंद, आकडे हाताने. नोंद पाठवताना नेट गेले. दुसऱ्याच्या कोडवर दूध लिहिले गेले आणि स्लिप छापल्यावर लक्षात आले. इथे नोंद पुसायची नसते, उलट नोंद करून नवी करायची असते, आणि तुमच्या दूधनोंदीला ‘कोणत्या नोंदीची दुरुस्ती’ हे सांगता येत नसेल तर तिसऱ्या पायरीकडे परत जा. शेवटचा प्रसंग: ११ तारखेला बिले मंजूर झाली आणि १३ तारखेला संघाचे पत्र आले की दर ५ तारखेपासून वाढला. बंद नोंदींना हात न लावता ५ ते १० तारखेचा दरफरक चालू बिलात कोणत्या मेसेजने येतो, हे सिक्वेन्स डायग्रामवर बोट ठेवून दाखवता आले, की ‘दूध घेणे’ पासून कोड लिहायला घ्या: स्क्रीन, कंट्रोल, दरपत्रक, नोंद, स्लिप, डेटाबेसपर्यंत एकच पट्टा पूर्ण, बाकीच्या युझ केसेस त्यानंतर.